सोलापूरची रेषा: वैमानिक, फुगे आणि ‘अनोळखी’ या शब्दाचा इतिहास

१/
हैदराबाद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, म्हणजे टीआयएफआरचे, बलून केंद्र आहे. उड्डाणांची मोहीम सुरू होण्यापूर्वी या केंद्राकडून एक जाहीर सूचना निघते. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर ती येते आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्याचे, ५० ते ८५ मीटर व्यासाचे, हायड्रोजन भरलेले फुगे वैज्ञानिक उपकरणे घेऊन ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर जातील. काही तासांनी ती उपकरणे मोठ्या रंगीत पॅराशूटने खाली येतील. हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरवर, ‘विशाखापट्टणम–हैदराबाद–शोलापूर’ या रेषेवर ती कोठेही उतरू शकतात, असे त्यात सांगितलेले असते.

२/
सोलापूरचे हे जुन्या स्पेलिंगमधले नाव या सूचनेत गेली अनेक वर्षे टिकून आहे. सूचना ज्याने वाचली, त्याच्यासाठी पहाटेच्या आकाशात दिसलेला चकाकता गोळा हा टीआयएफआरचा फुगा असतो. ज्याने वाचली नाही, त्याच्यासाठी तोच गोळा ‘यूएफओ’ असतो. वस्तू एकच आणि आकाशही एकच. फरक फक्त एका छापील कागदाचा. लढाऊ विमानांच्या वैमानिकांना दिसलेल्या अनोळखी वस्तूंचा जवळपास ऐंशी वर्षांचा इतिहास नेमका या कागदाभोवती फिरतो. जेथे असा कागद नव्हता, तेथे एका तरुण वैमानिकाचा जीव गेला.

३/
या इतिहासाचा पहिला ठळक अध्याय दुसऱ्या महायुद्धातला आहे आणि त्याचे एक टोक भारतात आहे. अमेरिकेच्या विसाव्या बॉम्बर कमांडचे मुख्य तळ तेव्हा बंगालमध्ये खरगपूरच्या परिसरात होते. १० ऑगस्ट १९४४ च्या रात्री या कमांडची बी-२९ विमाने सिलोनमधील तळावरून निघून सुमात्रातील पालेमबांगच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवर चालून गेली. परतीच्या वाटेवर कॅप्टन अल्वाह रिडा यांच्या विमानातील मंडळींना उजव्या पंखापलीकडे तांबूस-नारिंगी रंगाचा, प्रभावळ असलेला एक गोळा दिसला. विमानाने दिशा बदलली, वेग बदलला, तरी तो काही मिनिटे जागचा हलला नाही. मग एकाएकी वळून दिसेनासा झाला.

४/
त्याच वर्षाच्या अखेरीस ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यावर रात्रीची गस्त घालणाऱ्या अमेरिकेच्या ४१५ व्या नाईट फायटर स्क्वाड्रनकडून अशाच बातम्या येऊ लागल्या. विमानाच्या मागे किंवा बाजूने चालणारे दिवे वैमानिकांना दिसत. रडारवर मात्र काही येत नसे. एका विनोदी चित्रमालिकेतल्या शब्दावरून त्यांनी या दिव्यांना ‘फू फायटर’ असे नाव दिले. हे शत्रूचे नवे अस्त्र असावे, अशी मित्रराष्ट्रांना शंका होती. युद्धानंतर असे कोणतेही अस्त्र जर्मनीत किंवा जपानमध्ये सापडले नाही. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या टप्प्यावर परग्रहवासीयांचे नाव कोणी घेतले नव्हते. भीती होती ती माणसांची.

५/
चित्र बदलले ते १९४७ च्या उन्हाळ्यात. २४ जून रोजी केनेथ अर्नोल्ड या खासगी वैमानिकाने अमेरिकेच्या वायव्येस माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना पाहिल्याचे सांगितले. वार्ताहरांनी त्या वर्णनावरून ‘फ्लाईंग सॉसर’ हा शब्द रूढ केला. मराठीत तो ‘उडती तबकडी’ म्हणून आला. एकदा शब्द मिळाला की पाहणाऱ्याला काय दिसावे हेही बऱ्याच अंशी ठरून जाते. त्यानंतरच्या काही आठवड्यांत अमेरिकाभर तबकड्यांच्या शेकडो बातम्या आल्या. हवाई दलाने चौकशीसाठी ‘प्रोजेक्ट साईन’ सुरू केला. त्याच्या पुढची पायरी म्हणजे १९५२ ते १९६९ या काळातले ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’.

६/
७ जानेवारी १९४८. केंटकी राज्यातील फोर्ट नॉक्सजवळच्या गॉडमन विमानतळाच्या मनोऱ्यातून दुपारी दक्षिणेकडे एक मोठी, पांढरट, चकाकती वस्तू दिसू लागली. आसपासच्या गावांतूनही पोलिसांकडे तशाच खबरा आल्या होत्या. दुर्बिणीतून पाहूनही ती काय आहे, हे तळावरच्या कोणालाच सांगता येईना. तेवढ्यात केंटकी एअर नॅशनल गार्डची चार एफ-५१ मस्टँग विमाने त्या बाजूने चालली होती. त्यांचे नेतृत्व होते कॅप्टन थॉमस मँटेल या पंचवीस वर्षांच्या, महायुद्ध पाहिलेल्या अधिकाऱ्याकडे. मनोऱ्याने त्यांना वस्तूचा तपास करण्यास सांगितले.

७/
एक विमान इंधन कमी असल्याने आपल्या वाटेने निघून गेले. उरलेली तीन वर चढू लागली. हे उड्डाण मुळात विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर नेण्याचे, म्हणजे कमी उंचीवरचे होते. त्यामुळे उंचावर लागणाऱ्या प्राणवायूची पुरेशी सोय त्यांच्याकडे नव्हती. सुमारे २२,५०० फुटांवर मँटेल यांच्या दोन्ही साथीदारांनी चढणे थांबवले आणि ते मागे वळले. मँटेल वर जातच राहिले. वस्तू आपल्या पुढे व वर असून ती धातूची आणि प्रचंड आकाराची दिसते, अशा आशयाचा संदेश त्यांच्याकडून आल्याचे मनोऱ्यातील लोकांनी नोंदवले. त्यानंतर संपर्क तुटला.

८/
२२,५०० फूट म्हणजे जवळपास ६,८५० मीटर. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पहून दीड हजार मीटर वर. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो. २५,००० फुटांवर बाहेरून प्राणवायू न मिळाल्यास माणूस भानावर राहून निर्णय घेऊ शकतो तो तीन ते पाच मिनिटेच. यातला सर्वांत घातक भाग असा की आपली शुद्ध हरपते आहे हे त्या माणसाला जाणवत नाही. उलट अनेकांना सारे काही ठीक असल्याचा भास होतो. मँटेल यांची शुद्ध बहुधा अशीच गेली. विमान गिरक्या घेत कोसळले आणि केंटकीतील फ्रँकलिनजवळच्या एका शेतात पडले. त्यांच्या मनगटावरचे घड्याळ ३ वाजून १८ मिनिटांवर थांबलेले सापडले.

९/
अमेरिकेत उडत्या तबकडीचा पाठलाग करताना वैमानिक गेल्याची ही पहिली बातमी होती आणि ती वणव्यासारखी पसरली. हवाई दलाने आधी सांगितले, मँटेल शुक्राच्या मागे गेले असावेत. शुक्र त्या वेळी साधारण त्या दिशेला होता हे खरे. पण भर दुपारी तो सुईच्या टोकाएवढा फिकट ठिपका असतो, दिसलाच तर. एवढ्या लोकांनी पाहिलेली मोठी गोलसर वस्तू म्हणजे शुक्र, हे कोणालाच पटले नाही. घाईने दिलेल्या या उत्तराचा परिणाम उलटा झाला. सरकार काहीतरी लपवते आहे, अशी लोकांची खात्री पटली.

१०/
आणि सरकार खरोखरच काहीतरी लपवत होते. फक्त ते लोकांना वाटत होते तसले नव्हते. १९४७ च्या सप्टेंबरपासून अमेरिकी नौदलाने ‘स्कायहूक’ नावाचे प्लास्टिकचे प्रचंड फुगे सोडायला सुरुवात केली होती. व्यास सुमारे ३० मीटर, झेप तीस किलोमीटरपर्यंत. हा प्रकल्प गुप्त होता. गॉडमनच्या मनोऱ्यातील लोकांना, मँटेल यांना आणि सुरुवातीच्या चौकशी अधिकाऱ्यांनाही अशा फुग्याची कल्पना नव्हती. मस्टँग विमानाची कमाल झेप बारा-तेरा किलोमीटरची; म्हणजे ज्या वस्तूच्या मागे मँटेल गेले, तिथवर त्यांना पोहोचणे कधीच शक्य नव्हते. हे त्यांना एका वाक्यात कोणी सांगू शकले असते, तर ते परतले असते.

११/
ब्लू बुकचे प्रमुख राहिलेले कॅप्टन एडवर्ड रपेल्ट यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात स्कायहूकचा हा खुलासा मांडला. वर्णने, दिशा, वारे, सारे जुळत होते. मात्र त्या दिवशी नेमका कोणता फुगा कोठून सुटला, याची नोंद रपेल्ट यांना शोधूनही मिळाली नाही. म्हणून इतिहासात मँटेल प्रकरणाचे उत्तर आजही ‘बहुधा स्कायहूक’ असेच लिहावे लागते. तो ‘बहुधा’ शब्द एका हरवलेल्या नोंदवहीचा आहे. गुप्ततेने आधी माणूस गेला, नंतर त्याच्या मृत्यूचे निर्विवाद कारणही गेले.

१२/
हे प्रकरण एकटे नाही. १ ऑक्टोबर १९४८ च्या रात्री फार्गो शहरावर लेफ्टनंट जॉर्ज गोर्मन यांनी एका पांढऱ्या दिव्याशी जवळपास अर्धा तास झुंज दिली. चौकशीअंती तो दिवा लावलेला हवामानाचा फुगा असल्याचा निष्कर्ष निघाला. १९४७ मध्ये रोझवेलजवळ सापडलेले अवशेष ‘मोगल’ या गुप्त प्रकल्पातील फुग्यांचे होते, हे अमेरिकी हवाई दलाने जाहीर केले १९९४ मध्ये, म्हणजे ४७ वर्षांनी. सोव्हिएत अणुचाचण्यांचे ध्वनी टिपण्यासाठी ते फुगे होते. एवढ्या अवधीत रोझवेलची दंतकथा इतकी रुजली की खरा खुलासाच लोकांना बनावट वाटू लागला.

१३/
यू-२ या टेहळणी विमानाची कथाही हीच. १९५५ पासून ते ६०,००० फुटांवरून उडू लागले. त्या काळची प्रवासी विमाने साधारण १०,००० ते २०,००० फुटांवरून जात. संध्याकाळी खालच्या वैमानिकाभोवती अंधार पडलेला असे, तर वरच्या यू-२ च्या चंदेरी पंखांवर अजून ऊन असे. वैमानिक कळवत, वर काहीतरी पेटल्यासारखे दिसते. ब्लू बुकचे अधिकारी गुप्तचर खात्याकडे वेळा पडताळून पाहत. उत्तर समजले तरी ते वैमानिकाला सांगता येत नसे. पुढे सीआयएच्या १९९७ च्या एका इतिहासलेखात दावा करण्यात आला की पन्नासच्या दशकाची अखेर आणि साठचे दशक यांतील निम्म्याहून अधिक नोंदी अशा गुप्त विमानांच्या होत्या. हा आकडा वादग्रस्त आहे. यंत्रणेचा मार्ग मात्र त्यातून स्पष्ट दिसतो.

१४/
१९४८ हेच वर्ष सोलापूरच्या बाजूने पाहिले तर आकाशातल्या अनोळखी वस्तूंची आणखी एक कथा समोर येते. हैदराबाद संस्थानाचा प्रश्न चिघळलेला होता. त्या उन्हाळ्यापासून सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात लँकेस्ट्रियन विमानांतून निजामासाठी शस्त्रे आणून बीदर, वारंगलच्या धावपट्ट्यांवर उतरवत होता. त्यासाठी ही विमाने भारतीय प्रदेश ओलांडून जात. रात्री अशी विमाने शोधून अडवण्याची पुरेशी साधने नव्या भारतीय हवाई दलापाशी तेव्हा नव्हती. डोक्यावरून घरघरत गेलेले विमान कोणाचे, हे जमिनीवरच्या माणसाला कळण्याची सोय नव्हती.

१५/
१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याची मुख्य फळी सोलापूरहून नळदुर्गमार्गे हैदराबादकडे निघाली. हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांनी निजामाच्या धावपट्ट्यांवर मारा केला. पाच दिवसांत मोहीम संपली. कॉटनवर पुढे इंग्लंडमध्ये खटला चालून त्याला २०० पौंडांचा दंड झाला. आज रात्रीचे ते आवाज ‘अनोळखी’ राहिलेले नाहीत, कारण खटल्याचे कागद आहेत, राजनैतिक पत्रव्यवहार आहे, कॉटनच्या आठवणी आहेत. सोलापूर–हैदराबाद या रेषेवर काही वर्षांनी पुन्हा आकाशातून वस्तू येऊ लागल्या. या वेळी त्या विज्ञानाच्या होत्या.

१६/
होमी भाभांना विश्वकिरणांचा अभ्यास करायचा होता. हे किरण वातावरणात शिरताच विखुरतात. त्यामुळे उपकरणे जमेल तितकी वर नेणे भाग होते. सुरुवातीला रबरी हवामान-फुग्यांचे घोस वापरले गेले, पुढे प्लास्टिकचे फुगे आले. हैदराबाद हे ठिकाण त्यासाठी उत्तम ठरले, कारण ते भूचुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. तेथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेचे कण अडवते आणि जास्त ऊर्जेचे कण वेगळे टिपता येतात. १९६९ मध्ये तेथे कायमचे बलून केंद्र उभे राहिले. म्हणजे मँटेल ज्या प्रकारच्या फुग्यामागे गेले, त्याच जातीचे, पण त्याहून दुप्पट-अडीचपट व्यासाचे फुगे दख्खनच्या आकाशात जाऊ लागले.

१७/
सूचनेतील रेषा सोलापूरकडेच का येते? नकाशा पाहिला की उत्तर मिळते. विशाखापट्टणम, हैदराबाद आणि सोलापूर ही तिन्ही शहरे साधारण साडेसतरा अक्षांशाच्या आसपास आहेत. तीस-चाळीस किलोमीटर उंचीवरचे वारे प्रामुख्याने अक्षांशाच्या दिशेने वाहतात. कधी पूर्वेकडून पश्चिमेला, कधी उलट. त्यामुळे हैदराबादहून सुटलेला फुगा एक तर बंगालच्या उपसागराच्या बाजूला सरकतो, नाही तर उत्तर कर्नाटक आणि सोलापूरच्या बाजूला. सूचनेतली ती रेषा म्हणजे जणू वाऱ्याचाच मार्ग.

१८/
असा फुगा खालून कसा दिसेल, याचे गणित साधे आहे. ३५ किलोमीटर उंचीवरच्या वस्तूसाठी क्षितिज सुमारे सहा अंश खाली सरकते. म्हणून जमिनीवर सूर्योदय होण्याआधी साधारण २५ मिनिटे तिच्यावर ऊन पडते आणि सूर्यास्तानंतरही तितकाच वेळ ते टिकते. अंधाऱ्या आकाशात ती एकटीच झळकते. ८० मीटरचा फुगा बरोबर डोक्यावर ४० किलोमीटरवर असेल, तर तो चंद्रबिंबाच्या चौथाईहून किंचित कमी रुंद, म्हणजे ठिपक्यापेक्षा मोठा दिसेल. कडा स्पष्ट, पृष्ठभाग धातूसारखा, हालचाल जवळजवळ नाहीच. उडत्या तबकडीचे वर्णन याहून वेगळे काय असते?

१९/
म्हणूनच टीआयएफआरच्या सूचनेची भाषा नीट वाचण्याजोगी आहे. उपकरणे सापडल्यास उघडू नयेत, हलवू नयेत. काहींमध्ये उच्च दाबाची वीज असू शकते. जवळचे पोलीस ठाणे, टपाल कार्यालय किंवा जिल्हा प्रशासनाला कळवावे. कळवणाऱ्यास खर्च आणि बक्षीस मिळेल. शेतात काम करणारा माणूस हाही या प्रयोगातला सहकारी आहे, असे ही सूचना गृहीत धरते. तरीही सूचना सर्वांपर्यंत पोहोचत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये एका स्पॅनिश कंपनीच्या अवकाश-पर्यटन कुपीची चाचणी हैदराबादहून झाली. ती कुपी तेलंगणातील विकाराबाद जिल्ह्यात एका गावाजवळ उतरली, तेव्हा गावकऱ्यांची गर्दी जमली आणि तिची छायाचित्रे ‘गूढ वस्तू’ म्हणून समाजमाध्यमांवर फिरली. खुलासा मात्र लवकरच झाला, कारण प्रयोगाची नोंद होती.

२०/
परग्रहावरच्या जीवसृष्टीचा शोधही याच फुग्यांनी घेतला, हा या कथेतला सुंदर योगायोग. मूळचे कोल्हापूरचे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून निर्जंतुक पोलादी नळ्या घेऊन फुगे सोडण्यात आले. २००५ च्या उड्डाणात २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा झाली. तिची तपासणी हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे झाली आणि २००९ मध्ये जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती जाहीर झाल्या. त्यांपैकी एकीला फ्रेड हॉईल यांचे नाव दिले गेले. हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असे मात्र शास्त्रज्ञांनी म्हटले नाही. तसे सिद्ध झालेले नाही, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले.

२१/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीची पद्धत भेटते. राजवाड्यांनी बखरीपेक्षा समकालीन अस्सल कागदाला जास्त मोल दिले, याचा अर्थ बखरकार खोटे बोलतो असा नव्हता. पाहणे, आठवणे आणि अर्थ लावणे या तीन वेगळ्या क्रिया आहेत. वैमानिकाच्या जबानीतही हे तीन थर असतात. ‘तेजस्वी गोल वस्तू दिसली’ हे पाहणे. ‘ती प्रचंड होती, वेगवान होती’ हे अनुमान. कारण अंतर माहीत नसेल तर आकार आणि वेग डोळ्यांना कळूच शकत नाही, कितीही तास विमान चालवलेले असले तरी. ‘ती तबकडी होती’ हे नाव. मँटेल खोटे बोलले नाहीत. त्यांना वस्तू खरोखर दिसली होती. तिचे अंतर ठाऊक नव्हते.

२२/
भारतीय सैन्याचा अनुभवही हेच सांगतो. २०१२-१३ मध्ये लडाख सीमेवरच्या जवानांनी आकाशात सरकणाऱ्या तेजस्वी दिव्यांची शेकडो वेळा नोंद केली; चिनी ड्रोनची शंका होती. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वेळा आणि दिशा तपासल्या, तेव्हा ते शुक्र आणि गुरू निघाले. विरळ, स्वच्छ हवेत हे ग्रह फार ठळक दिसतात. २६ जानेवारी २०१६ रोजी पश्चिम राजस्थानात रडारवर आलेली अनोळखी वस्तू सुखोई-३० विमानाने पाडली. तो फुगा होता. तणावाच्या सीमेवर चुकीची ओळख किती महाग पडू शकते, हे या दोन घटनांतून कळते.

२३/
अलीकडचे आकडे पाहू. अमेरिकेच्या गुप्तचर विभागाने जून २०२१ मध्ये सैनिकी नोंदींपैकी १४४ तपासल्या. खात्रीने ओळख पटली ती एकीचीच, आणि ती होती हवा निघत चाललेला मोठा फुगा. जानेवारी २०२३ च्या पुढच्या अहवालात नव्याने आलेल्या ३६६ नोंदींपैकी १६३ फुगे किंवा फुग्यासारख्या वस्तू ठरल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच, ४ फेब्रुवारी २०२३ रोजी, अमेरिकेने सुमारे ६०,००० फुटांवरून चाललेला चिनी फुगा एफ-२२ विमानाकरवी पाडला. ७५ वर्षे उलटूनही आकाशातले सर्वांत मोठे कोडे प्लास्टिकच्या पापुद्र्याचेच होते.

२४/
याचा अर्थ सारेच सुटले असा नाही. ब्लू बुकमधील १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अखेरपर्यंत अनोळखी राहिल्या. १४ नोव्हेंबर २००४ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ कमांडर डेव्हिड फ्रेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलेल्या पांढऱ्या लांबट वस्तूबद्दल सर्वमान्य खुलासा नाही. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळ विमानतळावर काहीतरी दिसल्याने विमानसेवा काही तास थांबली. भारतीय हवाई दलाने यंत्रणा कार्यान्वित केल्याचे आणि नंतर ती छोटी वस्तू दिसली नसल्याचे जाहीर केले. येथे ‘माहीत नाही’ हेच प्रामाणिक उत्तर आहे. त्या रिकाम्या जागेत शुक्र कोंबणे जितके चुकीचे, तितकेच परग्रहवासी कोंबणेही.

२५/
२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भापासून महाराष्ट्राच्या अनेक भागांत लोकांनी आकाशात पेटते पट्टे जाताना पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे पडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, हे काही तासांतच जाणकारांनी सांगितले. कारण पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवशेषांच्या याद्या सर्वांना पाहता येतात. रोझवेलला जे ४७ वर्षांत झाले नाही, ते सिंदेवाहीला एका रात्रीत झाले. दोन्हीकडची माणसे सारखीच कुतूहलाची, सारखीच घाबरलेली. नोंद मात्र एकीकडे कुलपात होती, दुसरीकडे उघडी.

२६/
हैदराबादचे फुगे संध्याकाळी आठनंतर ते पहाटेपर्यंतच्या वेळेत सोडले जातात. पहाटे सोलापूरच्या बाजूला आलेला एखादा फुगा काही मिनिटे लालसर, मग पांढरा चमकतो आणि उजाडल्यावर निळाईत मिसळून जातो. वरून जाणाऱ्या वैमानिकाला त्याच्या मागे जावे लागत नाही. खाली कोणाच्या शेतात रंगीत पॅराशूट उतरलेच, तर कोणाला कळवायचे हे आधीच छापलेले असते. १९४८ च्या त्या जानेवारीत गॉडमनच्या मनोऱ्यातल्या टेबलावर असा एक कागद असता, तर कॅप्टन मँटेल त्या दुपारी आपल्या तळावर उतरले असते.